मेंदूच्या आजारांवर पीएचडी: इथे जेआरएफवर करू की युरोपात मारी क्युरीवर? ट्रेनिंग म्हणून नक्की काय बघायचं?

पेशी_आणि_पोहे
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय, जरा लांबण लागलंय, सांभाळून घ्या.

पुण्यात एमएस्सी बायोटेक झालंय, सध्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे, नेट-जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) निघालीये, आणि पुढे पार्किन्सनवर किंवा त्याच्या भावकीतल्या आजारांवरच काम करायचं हे डोक्यात पक्कं आहे. आत्ता समोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे भारतातलीच एक मोठी इन्स्टिट्यूट, हॉस्पिटल त्याच कॅम्पसमध्ये, सर भले माणूस आहेत असं सगळे सांगतात. दुसरी म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमधली एक जागा, जर्मनीतल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलला जोडलेली लॅब, पहिला इंटरव्ह्यू झाला, पुढच्या आठवड्यात दुसरा आहे.

दोन्हीकडच्या जाहिरातीत तेच ते शब्द, ट्रान्सलेशनल न्यूरोसायन्स, इंटरडिसिप्लिनरी ट्रेनिंग, बेंच टू बेडसाइड (लॅबपासून पेशंटपर्यंत). वाचून मला काडीचाही फरक कळत नाहीये. पैसे कुठे किती ते गुगल केलं, ते मला कळतं. मला विचारायचंय ते असं की या चार-पाच वर्षांत मी नेमकं काय शिकले पाहिजे म्हणजे माझं काम खरंच कधीतरी पेशंटपर्यंत जाईल, आणि हे शिकवणारी जागा कोणती हे बाहेरून कसं ओळखायचं. आत्तापर्यंत सगळा वेळ वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) आणि सेल कल्चर (पेशी वाढवणं) यातच गेलाय, पार्किन्सनचा पेशंट मी अजून जवळून पाहिलेलासुद्धा नाही.

बर्लिनचा_बंड्या
अभिनंदन आधी, दोन्हीकडे दार उघडं असणं ही छोटी गोष्ट नाही. मी जर्मनीतच पीएचडी केली, आता पोस्टडॉक, आमच्या ग्रुपमध्ये मारी क्युरीवाले येऊन जाऊन असतात म्हणून आधी व्यवहाराचं बोलतो कारण ते कोणी नीट सांगत नाही.

मारी क्युरी म्हणजे स्कॉलरशिप नाही, नोकरी आहे, कॉन्ट्रॅक्ट असतं, पेन्शन-हेल्थ इन्शुरन्स सगळं कापून पगार येतो. जाहिरातीत जो आकडा असतो तो बघून हुरळू नकोस, त्यातून एम्प्लॉयरचा वाटापण जातो, मग तुझा टॅक्स, हातात पडतो तो बराच खाली असतो, तरी जर्मनीत साध्या पीएचडीला जे ६५ टक्के कॉन्ट्रॅक्ट (पूर्ण पगाराच्या ६५ टक्के) मिळतं त्याच्या तुलनेत बरंच बरं. अट एकच महत्त्वाची, भरती व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, तू पुण्यात आहेस तर काही प्रश्नच नाही. (जर्मनीत एमएस्सी करून तिथेच मारी क्युरी शोधणाऱ्या आपल्या मुलांचा इथेच पचका होतो, त्यांनी शेजारचे देश बघावेत.)

आता खरी गोम. पैसे बहुतेक नेटवर्कमध्ये ३६ महिन्यांचे असतात, आणि मेंदूच्या आजारावरची पीएचडी, त्यात उंदीर असतील तर, तीन वर्षांत संपल्याचं मी फार कमी पाहिलंय. उंदीर म्हातारे व्हायलाच दीड वर्ष लागतं, त्याला कोण काय करणार. तर इंटरव्ह्यूत सरळ विचार की ३७व्या महिन्याला काय, लिहून देणार का. लाजू नकोस, इथे असे प्रश्न विचारणाऱ्याबद्दल कोणी वाईट मत करून घेत नाही, उलट न विचारणाऱ्याबद्दल होतं.

नेटवर्कची खरी मजा सेकंडमेंटमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या देशातल्या पार्टनरकडे काही महिने जाऊन काम करायचं, एकूण काळाच्या एक तृतीयांशपर्यंत चालतं. पार्टनरमध्ये एखादी औषध कंपनी, एखादं हॉस्पिटल असतं. पण हे कागदावर. तुझ्या प्रोजेक्टचं सेकंडमेंट कुठे, कोणत्या वर्षी, आणि तिथे जाऊन तू स्वतःच्या हाताने काय करणार हे विचार. "दोन आठवडे व्हिजिट" असं उत्तर आलं तर समज ते सेकंडमेंट म्हणजे सहल आहे.

आणि मारी क्युरी म्हणजेच युरोप नव्हे बरं का. गॉटिंगेनचा मॅक्स प्लांकवाला न्यूरोसायन्स प्रोग्रॅम २००० सालापासून चालू आहे, पहिलं वर्ष लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि लॅब रोटेशन्स, मग लॅब निवडायची, शिवाय मेडिकलची मुलं आणि सायन्सची मुलं एकाच बाकावर. इंग्लंडमध्ये वेलकम ट्रस्ट या संस्थेचे चार वर्षांचे पीएचडी प्रोग्रॅम साधारण याच धर्तीचे. तुझ्यासारखं "मला अजून पुरतं ठरवता येत नाहीये" असेल तर रोटेशनवाला प्रोग्रॅम सोन्यासारखा. मारी क्युरीत पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट, बॉस, सगळं ठरलेलं, पटलं नाही तर बदलायला जागा नाही.

डॉ_ओपीडी_अकरा
मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, मुंबईत सरकारी हॉस्पिटलला. बंड्याने पैशाचं छान सांगितलं. मला तुझं शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, पेशंट जवळून पाहिलेला नाही ते. तो दोष तुझा नाही, आपल्याकडे एमएस्सीच्या मुलांना ओपीडीच्या दारात कोणी उभंच करत नाही.

कुठेही जायच्या आधी एखाद्या मूव्हमेंट डिसऑर्डर क्लिनिकमध्ये परवानगी काढून कोपऱ्यात खुर्ची टाकून बस. काय दिसेल सांगतो. साठीचा गृहस्थ येतो, तक्रार काय, तर बँकेत सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडकलंय. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालेलं. त्याला अंगठा आणि पहिलं बोट भराभर उघड-मीट करायला सांगायचं, पहिले चार-पाच वेळा ठीक, मग बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं आणि मध्येच हात अडकतो. हे व्हिडिओत दिसतं तसं नाही दिसत, समोर बसून बघावं लागतं. मग बायको बाजूने सुरू होते, हे कित्येक वर्षं झोपेत ओरडतात हो, लाथा मारतात, आणि आमटी करपून घरभर धूर झाला तरी यांना वास येत नाही. तिला वाटतं ही घरची गाऱ्हाणी आहेत. मला तो अख्ख्या केसचा सगळ्यात मोलाचा भाग असतो, कारण झोपेतलं ते हातपाय झाडणं आणि वास जाणं हे कंप सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं. म्हणजे माणूस माझ्यासमोर येईपर्यंत मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, हालचालीसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा फार मोठा हिस्सा गेलेला असतो.

आता तू लॅबमध्ये जा आणि बघ, तरण्याबांड उंदराला आठवडाभरात विष देऊन पेशी मारतात, आणि औषध त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी देतात. माझा कुठला पेशंट आजाराच्या आदल्या दिवशी येतो? हा प्रश्न तुला पेपर वाचून सुचेल कदाचित, पण त्या बाईचं बोलणं ऐकलंस तर आयुष्यभर डोक्यातून जाणार नाही.

पेशंटकडून सुरू झालेलं काम किती लांब जातं याचं माझं आवडतं उदाहरण एमपीटीपीचं. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं दगडासारखी ताठरून हॉस्पिटलात आली, हुबेहूब शेवटच्या स्टेजचा पार्किन्सन, वय मात्र विशी-तिशी-चाळिशी. विल्यम लँगस्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने पिच्छा पुरवला आणि निघालं काय, तर घरगुती बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ. मग तेच माकडांना दिलं, माकडांना पार्किन्सन झाला, आणि त्या माकडांच्या मेंदूत रेकॉर्डिंग करून महलॉन डीलाँग वगैरे मंडळींनी दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे मेंदूतलं छोटं केंद्र जास्तीचं धडधडतंय, ते १९९० साली बंद पाडलं तर माकड सुधारलं. तिकडे फ्रान्सात ग्रेनोब्लला बेनाबिद नावाचे न्यूरोसर्जन पेशंटच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालत होतेच, त्यांनी तो त्या जागेवर नेला. आज आपल्या मुंबई-पुण्यातसुद्धा डीबीएसचं (मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं) ऑपरेशन होतं ते या साखळीतून आलंय. डीलाँग आणि बेनाबिद दोघांना २०१४ साली लास्कर पारितोषिक मिळालं. या साखळीतली एक कडी ओपीडीत होती, एक माकडांच्या लॅबमध्ये, एक ऑपरेशन थिएटरात. तुला सगळ्या कड्या स्वतः व्हायचं नाहीये, पण शेजारच्या कडीशी बोलता आलं पाहिजे, आणि ते ज्या जागी शिकवतात ती जागा चांगली, मग ती बंगळुरूला असो की बॉनला.

म्हणून माझा सल्ला, कॅम्पसमध्ये हॉस्पिटल आहे म्हणून खूश होऊ नकोस. दोन बिल्डिंगमध्ये रस्ता असतो आणि दहा वर्षं तो कोणी ओलांडत नाही, असं मी पाहिलंय. विचार, तुझ्या डॉक्टोरल कमिटीत क्लिनिशियन आहे का, आणि तो मीटिंगला खरंच येतो का.

पी_व्हॅल्यू_पाटील
डॉक्टरांचा मान राखून थोडं उलट बोलतो. मी बायोस्टॅटवाला, क्लिनिकल ट्रायल्सचा डेटा हाताळतो. पेशंट बघावा, जरूर बघावा. पण मेंदूच्या आजारांची औषधं जी पडली ती लॅबवाल्यांनी पेशंट बघितला नव्हता म्हणूनच पडली असं नाही. बरीचशी पडली कारण उंदरावरचे प्रयोगच कच्चे होते.

एएलएसचं बघा, स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जातात तो आजार. त्याचा एसओडी१ जीन घातलेला उंदीर, सगळं जग त्याच्यावर औषधं तपासत होतं, एकामागून एक पेपर, हे औषध दिलं उंदीर जास्त जगला, ते दिलं उंदीर जास्त जगला. मिनोसायक्लिन, साधं अँटिबायोटिक, उंदरात मस्त चाललं, २००२ साली नेचरमध्ये पेपर. फेज ३ ट्रायलमध्ये ४१२ पेशंट घेतले, २००७ ला रिझल्ट आला, औषध घेणाऱ्यांची तब्येत प्लॅसिबोवाल्यांपेक्षा (खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा) जास्त वेगाने ढासळली. वाचा परत, फायदा नाही असं नाही, नुकसान झालं. आणि २००८ ला अमेरिकेतल्या एएलएस थेरपी डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटने काय केलं, त्याच उंदरावर सत्तरहून जास्त औषधं, हजारोंनी उंदीर, सगळं नीट रँडमाइझ करून परत तपासलं. एकाही औषधाचा आयुष्य वाढल्याचा ठोस परिणाम नाही. आधीच्या बऱ्याच पेपरात जे दिसलं होतं ते ग्रुप लहान असल्यामुळे दिसणारा गोंगाट होता असा त्यांचा निष्कर्ष. नर-मादींची ग्रुपमध्ये समान वाटणी केली नव्हती, एकाच विणीची पिल्लं एकाच ग्रुपमध्ये, काही उंदरांत त्या जीनच्या कॉपीज कमी झालेल्या, कोणी मोजलंच नव्हतं.

स्ट्रोकमध्ये तर याहून वाईट. २००६ साली एका ग्रुपने मोजदाद केली, १,०२६ उपचार प्रयोगात तपासले गेले होते. आज तातडीच्या स्ट्रोकला हातात काय आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि गुठळी ओढून काढणं. पेशी वाचवणारी म्हणून जी औषधं होती त्यांची रांगच्या रांग आडवी झाली.

तर पेशी_आणि_पोहे ताई, दोन्ही लॅबचे मागच्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि मेथड्स सेक्शन वाचा, रिझल्ट नाही, मेथड्स. कोणत्या पिंजऱ्यातला उंदीर कोणत्या ग्रुपला जाणार हे कसं ठरवलं लिहिलंय का. पेशी मोजणाऱ्याला ग्रुप माहीत होता का. किती उंदीर घ्यायचे हे आधी ठरवलं की हवी तशी पी व्हॅल्यू (रिझल्ट नुसता योगायोग आहे का हे जोखायला वापरतात तो आकडा) येईपर्यंत वाढवत नेले. वगळलेल्या जनावरांचा हिशेब आहे का. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर त्या लॅबमध्ये तुम्हाला ते कोणी शिकवणार नाही, कितीही भले सर असोत. प्राण्यांवरच्या संशोधनासाठी अराइव्ह गाइडलाइन्स २०१० पासून आहेत, २०२० ला सुधारून आल्या, त्या आधी वाचून ठेवा म्हणजे काय शोधायचं ते कळेल.

आणि इमेजेस. अल्झायमरवरचा २००६ चा तो नेचरमधला गाजलेला पेपर, ज्यात अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड प्रोटीनचा एक खास प्रकार सापडला म्हणून सांगितलं होतं, तो २०२४ ला मागे घेतला गेला, ब्लॉटच्या चित्रांत फेरफार. तुमचं आयुष्य वेस्टर्न ब्लॉटमध्ये गेलंय म्हणता, तर ओरिजिनल फाइल्स कुठे ठेवतात, कोण बघू शकतं, हा प्रश्न दोन्हीकडे विचारा. यूजीसीने पीएचडीला रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा केलाय, चांगलं केलं, पण खूप ठिकाणी तो हजेरी लावून चहा पिऊन उरकतात हेही खरंय.

साला_सगळंच_स्कॅम
हे सगळं शिकून शेवटी फार्मा कंपनीत पीपीटी बनवणार. बँकेची परीक्षा द्या.

पी_व्हॅल्यू_पाटील
@साला_सगळंच_स्कॅम पीपीटी मीच बनवतो, बँकेपेक्षा पगार बरा आहे.

फॉर्मॅलिन_तात्या
मी इथलाच. भारतात पीएचडी केली, बंगळुरूला, आता न्यूरोपॅथॉलॉजीत टिश्यूचं काम बघतो. वर सगळ्यांनी युरोपवर आणि उंदरांवर लिहिलंय म्हणून आपल्या बाजूने पण कोणी बोललं पाहिजे.

इथे जे आहे ते तिकडे नाही, हे आधी डोक्यात घे. बंगळुरूच्या निम्हान्सला (मेंदू आणि मानसिक आजारांची राष्ट्रीय संस्था) ह्यूमन ब्रेन बँक १९९५ पासून आहे. त्यांच्या म्युझियममध्ये तर सामान्य माणसालाही खरा मेंदू हातात धरायला देतात, जमलं तर जाऊन ये, सव्वा-दीड किलोच्या आत-बाहेरचा असतो पण हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड वाटतो. ब्रेन बँकेत मेंदू आला की साधारण पद्धत अशी की एक अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसऱ्याचे काप करून लगेच उणे ८० ला. फॉर्मॅलिनमधला काही आठवड्यांनी घट्ट होतो, मग कापायचा. मिडब्रेनचा आडवा काप टेबलावर ठेवला की दोन्ही बाजूंना काजळाचं बोट ओढल्यासारखा काळपट पट्टा दिसतो, ती सब्स्टॅन्शिया नायग्रा. पार्किन्सनच्या माणसाचा काप शेजारी ठेव, पट्टा फिका, कधीकधी जवळजवळ गायब. मायक्रोस्कोप नंतर, हे आधी नुसत्या डोळ्यांनी दिसतं. डॉक्टर म्हणाले ना पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो, तो असा गेलेला असतो. माझं तर म्हणणं की या आजारावर सेल कल्चर करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन काप एकदा शेजारी शेजारी बघितलेच पाहिजेत. आणि त्या मेंदूमागे एक घर असतं ज्यांनी अंत्यविधीच्या गडबडीत सही दिलेली असते, संमती कशी घेतात ते बघणं हाही ट्रेनिंगचाच भाग, तो कुठल्या सिलॅबसमध्ये नसतो.

दुसरं, माणसं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुरा म्हणून तालुका आहे, तिथल्या खेड्यांतल्या ४५ च्या वरच्या लोकांचा वर्षानुवर्षं फॉलोअप करायचा अभ्यास आयआयएससीतल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने लावलाय, उद्दिष्ट १०,००० माणसांचं. स्मरणशक्तीच्या टेस्ट, रक्त, एमआरआय, जीनोम. आता विचार कर, डिमेन्शियाच्या बहुतेक स्मरणशक्तीच्या टेस्ट शिकलेल्या गोऱ्या माणसांसाठी बनलेल्या, ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही तिची आठवण कशी तपासणार? हा प्रश्न सोडवणं म्हणजेच एक पीएचडी आहे, आणि ती जर्मनीत होऊ शकत नाही.

अजून सांगू का. एससीए१२ नावाचा अटॅक्सिया (तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार), जगात दुर्मिळ, आपल्याकडे अगरवाल समाजात सापडतो म्हणून भारतात त्याच्यावर काम उभं राहिलं. एकाच कुटुंबात अनेकांना गंभीर मानसिक आजार असलेल्या घरांतल्या लोकांच्या रक्तापासून स्टेम सेल बनवून त्यांच्यापासून न्यूरॉन करण्याचा मोठा प्रोग्रॅम निम्हान्स आणि बंगळुरूतल्याच एनसीबीएस, इनस्टेम या जीवशास्त्राच्या संस्थांनी मिळून २०१६ च्या सुमारास सुरू केला. तुझं सेल कल्चर तिथे थेट कामाला येईल. हरियाणात मानेसरला एनबीआरसी आहे, पूर्ण मेंदूलाच वाहिलेली, त्रिवेंद्रमला श्री चित्रा, तिथे एपिलेप्सीचं मोठं काम आणि मेडिकल उपकरणं बनवणारा विंग एकाच संस्थेत. मुंबईत टीआयएफआरला शुभा तोळे मेंदू कसा घडतो यावर आणि विदिता वैद्य मूडच्या आजारांच्या मुळांवर काम करतात, ते बेसिक आहे, पेशंट नाही, पण प्रयोग कसा रचायचा हे शिकायचं असेल तर तसल्या लॅबला तोड नाही. ही पाटलांच्याच मुद्द्याला पुस्ती.

आता वाईट बाजू, लपवत नाही. जेआरएफला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफला ४२,०००, वर एचआरए, हा आकडा कागदावर ठीक आहे पण दर महिन्याला येईलच असं नाही, माझ्या वेळी तर कित्येक महिने तुंबून एकदम यायचे, त्यामुळे खात्यात थोडी गंगाजळी ठेवूनच जॉइन हो. अँटिबॉडी मागवली की ऋतू बदलतो. एथिक्स कमिटीची मीटिंग पुढे ढकलली की तुझं वर्ष पुढे ढकललं. परदेशाशी कोलॅबोरेशन असेल तर वर सरकारी स्क्रीनिंग कमिटी. म्हणून प्रोजेक्ट ठरवताना एक गोष्ट हट्टाने कर, निदान एक चॅप्टर असा ठेव जो कुठल्याच नव्या परवानगीवर अवलंबून नाही, आधीच गोळा झालेलं टिश्यू, आधीच असलेला डेटा, काहीतरी. माझ्या बॅचमध्ये ज्यांनी हे केलं ते वेळेत सुटले.

बर्लिनचा_बंड्या
तात्यांचं पटलं, विशेषतः परवानगीवाला मुद्दा, तो इथेही तसाच लागू. जर्मनीत प्राण्यांच्या प्रयोगाची नवी परवानगी म्हणजे महिनोन्महिने. विचार की तुझ्या प्रोजेक्टची परवानगी आधीच हातात आहे का, की तू आल्यावर अर्ज करणार. शिवाय उंदराला हात लावायच्या आधी फेलासाचा (प्राणी हाताळायचा युरोपातला) किंवा तत्सम कोर्स करावा लागतो, तो कधी लावतात तेही विचार.

फक्त एका गोष्टीवर तात्या, "जर्मनीत होऊ शकत नाही" हे खरं असलं तरी उलटंही आहे ना. पार्किन्सनमध्ये मेंदूत साठणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडीच्या दोन ट्रायल्स, प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब, दोन्हींचे निगेटिव्ह रिझल्ट २०२२ ला आले. अशा ट्रायल्स जिथे चालतात तिथे बसून, का पडलं, डोस मेंदूत पोचला का, चुकीच्या स्टेजचे पेशंट घेतले का, ही चर्चा कॉफी पिता पिता ऐकायला मिळते. तेही ट्रेनिंगच.

पेशी_आणि_पोहे
बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा तो आमटीचा किस्सा आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली आमच्या मामांना पण वास येत नाही, आता घरात वेगळंच टेन्शन.

काल रात्री पाटील सर म्हणाले तसं दोन्ही लॅबचे मेथड्स वाचत बसले. गंमत अशी की जर्मनीवाल्यांच्या चार पेपरपैकी दोनात ब्लाइंडिंगचा उल्लेख आहे, दोनात नाही. भारतातल्या सरांच्या पेपरात उंदीर जवळजवळ नाहीतच, पेशंटच्या स्किन बायोप्सीपासून केलेल्या पेशी आहेत, आणि तिथे मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नव्हता हे प्रत्येक ठिकाणी लिहिलंय. पण पेशंट एकूण नऊ आणि कंट्रोल (तुलनेसाठीची माणसं) सात. हे कमी आहेत ना? की अशा कामात एवढेच असतात?

आणि बंड्यादादा, एक भीती. जर्मनीला गेले तर क्लिनिकमध्ये बसायला जर्मन लागेल ना? मला फक्त गुटेन टाग येतं.

पी_व्हॅल्यू_पाटील
नऊ आणि सात कमी आहेत, पण पेशंटच्या पेशींच्या कामात हे सर्रास दिसतं, त्यासाठी लॅब टाकून देऊ नका. नीट बघा की आकडेमोड माणसांवर केलीये की पेशींवर. नऊ माणसांच्या प्रत्येकी दोनशे पेशी मोजून एन (नमुन्यांची संख्या) बरोबर अठराशे लिहिलं असेल तर पळा. नऊच लिहिलं असेल आणि एरर बार लाजिरवाणे मोठे असतील तर तिथे माणूस प्रामाणिक आहे.

सरावासाठी एक सुचवतो, पार्किन्सनचा पीपीएमआय म्हणून मोठा अभ्यास २०१० पासून चालू आहे, मायकल जे फॉक्स फाउंडेशनचा, त्यांचा डेटा अर्ज करून मिळतो. कुठेही जॉइन व्हायच्या आधी तो उघडून थोडं खेळा. पेशंट दर वर्षी किती वेगवेगळ्या वेगाने बदलतात ते दिसलं की नऊचा आकडा किती छोटा ते आपोआप कळेल.

डॉ_ओपीडी_अकरा
मामांना नुसता वास येत नाही म्हणून पार्किन्सन होत नाही, सर्दी, सायनस, कोविड, वय, शंभर कारणं असतात, आईला सांग. झोपेत हातपाय झाडत असतील, हालचाल मंदावली असेल तर दाखवून घ्या, नाहीतर सोड.

स्किन बायोप्सीवाले सर बरे वाटतायत. पेशंट आणणारा न्यूरॉलॉजिस्ट त्या पेपरवर ऑथर आहे का बघ, आणि एकाच पेपरवर आहे की दर पेपरवर तोच आहे. दर वेळी तोच असेल तर रस्ता ओलांडला जातोय.

पेशी_आणि_पोहे
बघितलं, तीन पेपरवर त्याच मॅडम आहेत, न्यूरॉलॉजीच्या.

डॉ_ओपीडी_अकरा
मग त्या मॅडमना मेल कर, सरांना सांगून. एक दिवस ओपीडीत बसू द्याल का विचार. जे उत्तर येईल त्यावरून तुला जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

बर्लिनचा_बंड्या
जर्मनचं: लॅबमध्ये इंग्लिशवर आरामात भागतं. पेशंटशी बोलायचं असेल तर निदान बी१ (भाषेची मधली पातळी) लागेल, आणि म्हातारे पेशंट आपल्या गावच्या बोलीत बोलतात तेव्हा बी१ ची पण वाट लागते. पण क्लिनिकमध्ये मागे बसून पेशंटची तपासणी बघायला, व्हिडिओ स्कोअरिंग शिकायला, केस कॉन्फरन्सला, भाषा कच्ची असली तरी चालतं, फक्त प्रोफेसरने आधी हो म्हटलेलं पाहिजे. दुसऱ्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न घाल, ३७व्या महिन्याचा घाल, सेकंडमेंटचा घाल, आणि त्या लॅबमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या पीएचडीवाल्याशी बॉसशिवाय वीस मिनिटं बोलायला माग. देत नसतील तर तेही उत्तरच. इंटरव्ह्यू कधी आहे, वेळ सांग, आदल्या दिवशी कॉल करू, मॉक घेतो. आणि जेआरएफची व्हॅलिडिटी कधी संपते ते आजच बघून ठेव, तिकडचं लटकलं तर इकडची गाडी सुटायला नको.

पेशी_आणि_पोहे
गुरुवारी दुपारी, आपल्या वेळेनुसार दोनला. बुधवारी रात्री नऊनंतर केव्हाही चालेल. मॅडमना मेलचा ड्राफ्ट करतेय, जरा वेळाने इथे टाकते, डॉक्टर प्लीज एकदा नजर घाला.